धुराची व्हिस्की आणि बाबाचं नाक

माझा धाकटा भाऊ प्रवासी जहाजावर नोकरी करतो, तीही तिथल्या बारमध्ये. उधव्याच्या पाड्यावरचा पोरगा देशोदेशीच्या लोकांना पेले भरून देतो, याचं डहाणूतल्या माझ्या शाळेतल्या बाईंना फार कौतुक. आमच्या घरी कोणाला तेवढं वाटलं नाही. "बापाने जन्मभर तेच केलं," आई म्हणाली, "ह्याला फक्त पगार मिळतो."

बाबाची थोडी भातशेती आहे. पाऊस संपला की तो चिखले गावाकडे चिकूच्या वाड्यांत मजुरीला जायचा, आता गुडघ्यांमुळे जात नाही. पण आजूबाजूच्या पाड्यांवर त्याला ओळखतात ते मोहाच्या दारूसाठी. विकायच्या नव्हे. लग्न, बारसं, मयताचं कार्य, देवाचं काही, यातलं आमच्याकडे काहीही तिच्याशिवाय होत नाही. पहिले थेंब जमिनीवर, पूर्वजांना, आणि मग माणसांना. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने भट्टी लावायची आणि बाबाला बोलवायचं. बाबाने कशाला हात लावायचा नाही, नुसतं शेजारी बसायचं आणि वास घ्यायचा. सरकारी भाषेत याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. दर वर्षी मुलांकडून व्यसनमुक्तीची शपथ मीच म्हणून घेते. त्यामुळे हे लिहिताना मला थोडी लाज वाटते आहे, पण थोडीच.

ज्यांनी कधी भट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. सुकवलेली मोहफुलं पाण्यात भिजत घालतात. काही दिवसांनी ती आंबली की मडकं चुलीवर चढवतात, आणि त्याची वाफ गार होऊन थेंबथेंब भांड्यात उतरते. सगळं कसब आचेत आहे. आच कमी पडली तर धार येत नाही. जास्त झाली तर खालची फुलं बुडाला चिकटून जळतात, दूध खाली लागतं ना, तसं. मग साऱ्या दारूला धुराचा वास मारतो. अशी लागलेली दारू पूर्वजांना द्यायची नसते, आणि दिली तर लग्नघरच्यांची मान खाली जाते. बाबाला ते लागायच्या आधी कळायचं. गप्पा मारता मारता मध्येच तो नाक वर करायचा आणि म्हणायचा, "एक लाकूड काढ." लोक निमूट काढायचे.

त्या नाकाने माझं लहानपण अवघड करून ठेवलं होतं. कणगीतल्या भाताला ओल लागली की तो अंगणातून सांगायचा. रात्री माळ्यावर उदमांजर येऊन गेलं की सकाळी डोळे उघडायच्या आत त्याला कळायचं. मला ताप यायचा असला की आदल्या दिवशीच तो माझी मान हुंगून आईला सांगायचा, "हिला उद्या पाठवू नको शाळेत." बारावीत असताना मी वसतिगृहातून सुट्टीला घरी आले, तर दारातच त्याने विचारलं, "कोनाचं अत्तर?" मैत्रिणीचं, मी म्हणाले. "मैत्रीण बिडी ओढते काय?" त्या दिवसापासून मी बाबाशी खोटं बोलायचं सोडून दिलं. उपयोगच नव्हता.

शाळेत मी मुलांना सांगते, वडिलांना अहोजाहो करा. घरी मात्र बाबाला तूच म्हणते, आम्ही सगळेच म्हणतो. आमची घरची बोलीही मी इथे जरा साफसूफ करून लिहिते आहे, नाहीतर अर्ध्या वाचकांना कळायची नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत पाड्यावर घरोघर ताप येऊन गेला. बाबालाही आला, आठवड्याने उतरला, आणि तो उठून शेतावर गेला. आम्ही म्हटलं, सुटलो. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या पाड्यावरच्या एका लग्नाची दारू बाबाच्या डोळ्यांदेखत लागली. तो भट्टीपासून हातभर अंतरावर बसला होता. जळका वास सुटला, तेव्हा अंगणाच्या पलीकडून कोणीतरी ओरडत आलं, आणि बाबा तसाच बसलेला. सगळी ओतून टाकावी लागली. लोकांनी विचारलं, हे कसं झालं? बाबा म्हणाला, "झोप लागली."

झालं. म्हातारा भट्टीवर झोपतो, असं पाड्यापाड्यांवर पसरलं. बोलावणी कमी झाली, आणि जी आली ती त्याने परतवली. कधी गुडघा, कधी पित्त. तो आता माळ घालून दारू सोडणार आहे, अशीही आवई उठली. मी ती खरी मानली आणि त्याला एकदा टोमणाही मारला, "पूर्वजांना आता काय, दूध देणार का?" तो उठून शेताकडे गेला. त्या टोमण्याची आठवण झाली की अजूनही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

खरं काय ते फक्त आईला ठाऊक होतं. एका रविवारी माझ्यासोबत तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता तिने सांगितलं, "त्याला वास येत नाय. कसलाच नाय. त्या तापात गेला तो गेला. कोनाला सांगायचं नाय, म्हनतो." मला आधी वाईट वाटलं, आणि पाठोपाठ रागही आला. नाक गेलं हे सांगायला लाज वाटते, आणि झोपाळू म्हणवून घ्यायला वाटत नाही? पण मग मी विचार केला. झोप कोणालाही लागते. नाक गेलं म्हटलं की बाबा कोण उरतो? दोन एकर भात आणि दुखरे गुडघे असलेला एक म्हातारा, तसे पाड्यावर दहा आहेत.

मी बाई आहे, म्हणजे पेशाने. मला कोणी काही येत नाही म्हटलं की मी अभ्यास देते. बाबाला डहाणूला डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, काहींचा वास परत येतो, काहींचा येत नाही, रोज चार-पाच उग्र वास घेत राहा. मी लगेच चार डब्या तयार केल्या. एकीत लवंग, एकीत चहापत्ती, एकीत लिंबाची साल, एकीत निलगिरीचं तेल लावलेला कापूस. रोज सकाळ-संध्याकाळ, डोळे मिटून. महिन्याभरात बाबाची उत्तरं बरोबर यायला लागली. मी हरखून गेले. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, की तो डबी नाकाशी न्यायच्या आधी कानाशी हलवतो. लवंग वाजते. चहापत्ती सळसळते. कापूस वाजतच नाही, आणि उरलं ते लिंबू. मी चिडले, डब्या उचलल्या आणि निघून आले. दोन रविवार गेलेच नाही उधव्याला. आता वाटतं, तो मला फसवत नव्हता. माझा हिरमोड होऊ नये म्हणून पास होत होता.

हे सगळं भावाला ठाऊक नव्हतं. बाबाने शपथ घातली होती.

गेल्या जानेवारीत भाऊ सुट्टीला आला तो एक बाटली घेऊन. स्कॉटलंडची सिंगल माल्ट व्हिस्की. त्याच्या जहाजावरच्या मोठ्या साहेबाने त्याला कामावर खूश होऊन दिलेली. ती त्याने स्वतः उघडली नाही, मित्रांना दाखवली नाही, थेट बाबासाठी आणली. जगातल्या उत्तम दारूला माझा बाप काय म्हणतो ते ऐकायचंय, एवढाच त्याचा हट्ट. आणि बाबा पित्ताचं निमित्त करून रोज टाळत राहिला. "आज नको. उद्या बघू." असं करत सुट्टी संपली. जाताना भावाने डहाणू स्टेशनवर बाटली माझ्या हातात दिली. "मी आणलेलं त्याला नको असेल, तर तू पाज," तो म्हणाला, आणि डब्यात चढून पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून बसला. चाळिशीला टेकलेला माणूस, पण चेहरा रुसलेल्या पोराचा. मला तिथेच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. शपथ आडवी आली.

त्यानंतर दर आठवड्याला त्याचा फोन. कधी कुठल्या बंदरावरून, कधी कुठल्या. "पाजलीस का? काय म्हणाला?" मार्च उजाडला तेव्हा मी ठरवलं, आता पुरे. बाबाला एक घोट द्यायचा, आणि काय बोलायचं ते पढवून भावाला फोन लावून द्यायचा. कॉपी करून पास व्हायची त्याला सवय होतीच. यावेळी कॉपी मीच पुरवणार होते.

तयारी म्हणून आदल्या शनिवारी मी स्वतः चाखून पाहिली. भावाने एका कागदावर कृती लिहून दिली होती. पेला अर्धाही भरायचा नाही. आधी वास, मग एक लहानसा घोट, मग दोन थेंब पाणी, आणि पुन्हा वास. खाली, काय काय सापडेल त्याची यादी. रंग काळ्या चहासारखा. नाकाशी नेली आणि पहिल्या वासालाच मी मान मागे घेतली. धूर. ओल्या लाकडाचा, डोळ्यांत पाणी आणणारा. पण थांबले, तर त्या धुराच्या मागून दुसरं काहीतरी आलं, गोड, चिकट, गडद. यादीत मनुका आणि खजूर लिहिलं होतं. ज्या पिंपात आधी शेरी नावाची गोड वाईन मुरवलेली असते त्यात ही ठेवतात, म्हणून. मला ना मनुका आठवल्या ना खजूर. मला आमची आतली खोली आठवली, जिथे सुकवलेल्या मोहफुलांचं पोतं उभं असायचं आणि दार उघडलं की तो जड गोड वास अंगावर यायचा. मी डहाणूतल्या माझ्या स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्यापाशी उभी होते आणि मला घरची एवढी आठवण आली की बाटलीचं झाकण लावून मी सरळ झोपायला गेले.

रविवारी सकाळी स्कूटरच्या डिकीत बाटली, तिला गुंडाळायला माझा जुना पंजाबी ड्रेस, आणि मी. तलासरीच्या नाक्यावर चहाला थांबले, तर एका विद्यार्थिनीची आई भेटली आणि मला आग्रहाने भाजीची पिशवी द्यायला लागली. "डिकीत ठेवते ना बाई." मी डिकीवर बसूनच राहिले. पिशवी हँडलला अडकवली. तिला वाटलं असेल, बाईंना उठायचाही आळस.

पोचले तेव्हा आई मागच्या अंगणातल्या चुलीवर भाकऱ्या भाजत होती. घरात गॅस आहे, पण तांदळाची भाकरी तिला चुलीवरचीच लागते. बाबा ओटीवर बसून टोपली नीट करत होता. शेजारच्या घरात, म्हणजे काकाकडे, गडबड होती. काकाच्या नातीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं, मांडवाचे बांबू येऊन पडले होते. भट्टी कधी लावणार, मी सहज विचारलं. बाबा टोपलीकडे बघत म्हणाला, "लावतील. धाकट्याने रानशेतच्या एका मानसाला सांगितलंय." सख्ख्या धाकट्या भावाच्या नातीचं लग्न, आणि भट्टीवर रानशेतचा माणूस. बाबाचा आवाज अगदी नेहमीसारखा होता, म्हणून तर मला ऐकवेना.

मी बाटली काढली. सांगितलं, आज पित्त नाही, गुडघा नाही, काही नाही. एक घोट घ्यायचा, आणि मी सांगते ते फोनवर बोलायचं. पोरगं तिकडे झुरतंय.

"मंग मला कशाला पाजतेस? तूच सांग त्याला."

"त्याला तुझा आवाज ऐकायचाय."

बाबाने सुस्कारा सोडला आणि पेला पुढे केला. आमच्याकडे काचेचे दोन पेले आहेत, पाहुण्यांसाठीचे, त्यातला एक. मी कृतीप्रमाणे मोजून ओतली. त्याने पेला घेतला, ओटीच्या कडेला गेला आणि वाकून जमिनीवर धार धरली. ओठांतल्या ओठांत आजा-पणजाची नावं घेतली. मला वाटलं तीन थेंब सांडेल. त्याने जवळपास निम्मी ओतली.

"बाबा, अरे!"

"ते बी पहिल्यांदाच पितात," तो म्हणाला.

मी पर्समध्ये यादीचा कागद शोधत होते. मनुका आधी सांगू की खजूर, असा विचार डोक्यात. तेवढ्यात त्याने उरलेल्यातला घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि तोंड वाकडं केलं.

"लागलीय," तो म्हणाला.

"काय?"

"खाली लागलीय. बनवनारा झोपला होता काय?"

आता मी सांगते, माझ्यासारखी मूर्ख बाई दुसरी नसेल. मी चक्क त्याच्याशी वाद घालायला लागले. लागलेली नाही, मी म्हणाले, तो धूर मुद्दाम दिलेला असतो. तिकडे जमिनीतून खणून काढलेलं सरपण असतं, त्याच्या धुरावर ते लोक धान्य सुकवतात. लोक त्या धुरासाठी ही दारू शोधत फिरतात. बाबा म्हणाला, कोणी शोधू दे, लागलेली ती लागलेली. एवढी चांगली फुलं वाया घालवली. फुलं नाही, जव असतात, मी म्हणाले. मग जव वाया घालवले, तो म्हणाला. बारा-पंधरा वर्षं पिंपात ठेवतात, मी म्हणाले. वास जावा म्हणून ठेवत असतील, तो म्हणाला, पण गेला नाही. मी तावातावाने कागद उघडून त्याला दाखवायला निघाले, की हे बघ, इथे लिहिलंय, धूर.

आणि तो शब्द वाचता वाचता मी थांबले. तो 'लागलीय' म्हणाला तोवर मी त्याला धुराबद्दल काही सांगितलंच नव्हतं.

मागच्या अंगणातली भाकरी थापायची थपथप थांबली होती. आई दारात येऊन उभी होती, हाताला पीठ तसंच. तिला माझ्याआधी कळलं होतं.

"पुन्हा सांग," ती बाबाला म्हणाली.

बाबा पेल्याकडे बघत होता. नाक पेल्यात घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. "रंग बघून बोललो असेन," तो हळूच म्हणाला. "काळी हाय ना. काळी म्हंजे जळकी." मी मनात तेच म्हणत होते. लवंगेच्या डबीने माझा विश्वास उडवला होता, आणि बहुतेक त्याचाही.

पण मी बाई आहे. मी परीक्षा घेतली. स्टीलचे दोन पेले, एकात व्हिस्की, एकात कोणीतरी आणून दिलेली मोहाची, दोन्ही सारख्याच मापाने. बाबाच्या डोळ्यांवर माझी ओढणी. हलवायचं नाही, चाखायचं नाही, पेला मी धरणार. पहिला नाकाशी नेला. त्याने दोनदा श्वास ओढला. "नाय." दुसरा नेला. "ही लागलेली." बरोबर. पुन्हा घेतली, बरोबर. तिसऱ्यांदा आईने माझ्या हातातून पेले घेतले आणि आत गेली. दोन्ही पेले तिने त्याच्या नाकाखाली धरले, आधी एक, मग दुसरा, मग परत पहिला. बाबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी नखं खात होते. शाळेतल्या कुठल्या निकालाच्या वेळी माझं असं झालेलं नाही.

"दोनीत नाय," बाबा म्हणाला. "फसवतेस काय?"

आईने दोन्हीत मोहाचीच भरली होती.

मी रडले. लपवण्यात अर्थ नाही, ओठ आवळून वगैरे नाही, भोकाड पसरून रडले. बाबा डोळ्यांवरची ओढणी न काढता माझ्या पाठीवर हात फिरवत विचारत होता, "नापास झालो काय?"

मग आम्ही अधाशीपणा केला. मी मोहफुलांची मूठ आणली. बाबाने ती हुंगली, चुरगाळून हुंगली, डोळे मिटून बसला. नाही. साबण, नाही. लिंबू, नाही. व्हिस्कीत दोन थेंब पाणी घातलं आणि मी म्हणाले, धुराच्या मागे बघ, आपल्या आतल्या खोलीचा वास आहे बघ, पोत्याचा. त्याने खूप शोधलं. एवढं शोधलं की मला त्याच्या हातातून पेला काढून घ्यावासा वाटला. "तिथं भिंत हाय," तो शेवटी म्हणाला. "धूर दिसतो, मागचं काय नाय." आणि मग मोहफुलांची ती मूठ त्याने फेकली नाही, सदऱ्याच्या खिशात घातली.

धूर कधीपासून कळायला लागला होता, देव जाणे. माझ्या चार डब्यांत मी धूर काही भरला नव्हता. आणि चुलीपाशी गेलं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं ते यायचंच, त्यात नाकाचा हिशेब कोण ठेवणार? त्याने तर नाकाला काही विचारायचंच सोडून दिलं होतं.

माझं रडणं ऐकून काका आला. त्याला वाटलं, कोणी गेलं की काय. ओटीवर बाटली, पेले, डोळे सुजलेली मी, बघून तो गोंधळला. बाबाने त्याला बसवलं, पेला भरून दिला. काकाने थेंब जमिनीवर सोडले, घोट घेतला आणि डोळे विस्फारून म्हणाला, "लागलीय रे ही."

"तेच म्हनतो मी," बाबा म्हणाला. दोघेही माझ्याकडे बघायला लागले, जणू भट्टीवर मीच बसले होते.

मग बाबाने सांगून टाकलं. टोपली पुन्हा हातात घेतली, तिची काडी ओढत, वर न बघता. त्या तापात नाक गेलं. त्या लग्नात झोप लागली नव्हती, टक्क जागा होतो, नुसतं कळलं नाही. आज धूर तेवढा कळायला लागलाय, बाकी काही नाही. बाकीचं येईल की नाही सांगता येत नाही.

"तीन वरसं आम्ही तुला झोपाळू म्हनलं," काका म्हणाला. "मी बी म्हनलं. सांगायचं नाय?"

"काय सांगू? नाक नाय, तरी बसवा भट्टीवर?"

काकाने पेला खाली ठेवला. "गोड झाली का कडू, ते आमचं आम्ही बघू," तो म्हणाला. "लागते कधी, तेवढं तू सांग. येत्या शुक्रवारी सकाळी लावतोय." आणि रानशेतच्या माणसाचं काय, असं मी विचारायच्या आत तो उठून म्हणाला, "तो लाकडं सारील." इतकं बोलून गेलासुद्धा.

बाबा उठला नाही, हसला नाही. टोपलीची एकच काडी तो कितीतरी वेळ आत-बाहेर करत राहिला. मी भावाला फोन लावत होते, लागत नव्हता, समुद्रात असणार. पढवायचं आता काही उरलं नव्हतं. त्याने विचारलं असतं, काय म्हणाला बाबा, तर मी सांगणार होते, तुझ्या स्कॉटलंडवाल्याला भट्टीवर झोप लागली म्हणाला.

आईने जेवायला वाढलं. भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, भात. बाबाच्या ताटात भात वाढायला ती वाकली, आणि बाबाने तिचं मनगट धरलं. मला वाटलं, पुरे म्हणतोय. तो तिच्या डोक्याकडे तोंड नेऊन थांबला होता.

"तुझ्या केसांना धूर लागलाय," तो म्हणाला.

"रोजच लागतो. चुलीशी कोन बसतं, तू?"

"रोज कळत नव्हता." त्याने पुन्हा श्वास घेतला, सावकाश. "चार वरसं नुसती दिसत होतीस."

"जेव आता, भात गार होतोय," आई म्हणाली. हातातला भाताचा चमचा तसाच धरून ती वाकलेली उभी राहिली, आणि बाबाने सोडेपर्यंत हलली नाही.